डाव्या चाकाची हवा



ट्रेलरमध्ये आम्ही पाच माणसे होतो आणि पाचही जण डावीकडे कललो होतो, वाऱ्याने निजवलेल्या गवतासारखे. फरक इतकाच, की वारा मुळीच नव्हता. टेबलावरचे एक उकडलेले अंडे निघाले, घरंगळले, काठाशी क्षणभर अडखळले आणि आत्याच्या मांडीत जाऊन विसावले. आत्याने अंड्याकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले. तिथे आमच्याच स्वयंपाकघराची खिडकी होती आणि तिच्या गजावर माझेच मोजे वाळत होते.

होय! आम्ही सहलीला निघालो होतो आणि घरापासून अकरा फुटांवर पोहोचलो होतो!

वाचकहो, हसू नका. निवड माझी होती आणि ती निर्दोष होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. मी मुद्रितशोधक आहे. दिवसाकाठी दोनशे पानांतल्या चुका ज्याच्या नजरेतून सुटत नाहीत, त्याला एक चाकांवरचे घर पारखता येणार नाही? तीन महिने मी अभ्यास केला. घर आणि इंजिन एकाच अंगात असलेली व्हॅन घ्यावी, की मोटारीमागे ओढायचा ट्रेलर? व्हॅन बिघडली की घरादारासकट बिघडते. ट्रेलर मात्र एखाद्या झाडाखाली सोडून मोटार घेऊन मोकळे हिंडता येते. मी एकतीस मुद्द्यांची वही केली. खाटांची लांबी, पाण्याची टाकी, चुलीचा गॅस, निजल्या जागेवरून दिसणारे आकाश. हो, आकाशही! सातवा मुद्दा.

हा सारा खटाटोप माझ्या सासऱ्यांसाठी होता. आप्पांनी छत्तीस वर्षे ट्रक चालवला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांत धुके उतरले आणि ते पुन्हा वर गेले नाही. तेव्हापासून ते आमच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसतात, एका जागी, पण स्वस्थ नव्हे, पायाने अदृश्य ब्रेक दाबत, खालून जाणाऱ्या प्रत्येक गाडीवर पुटपुटत, "ह्याचा क्लच गेलाय... ह्याला घाई आहे... हा नवशिका." दोन वर्षांत त्यांनी कोणाकडे काही मागितले नाही. मागच्या महिन्यात मात्र जेवता जेवता, मान खाली घालून म्हणाले, "एकदा अंगाखालून रस्ता गेला पाहिजे."

त्या एका वाक्यासाठी बायकोने चार वर्षांत प्रथमच सलग आठ दिवसांची रजा काढली. आप्पांच्या कमरेला तासा-दोन तासांनी आडवे व्हावे लागते. म्हणून चाकांवरचे घर.

ट्रेलर एका घड्याळजींचा होता. पांढराशुभ्र, आटोपशीर. आणि टायर! काळेभोर, तुकतुकीत, नक्षी इतकी खोल की बोट बुडावे! मी तिथेच वहीत लिहिले : 'टायर – निष्कलंक.' शनिवारी सकाळी घड्याळजींनी तो आणून आमच्या घरालगतच्या बोळात लावला.

"संध्याकाळी पाचला येतो," ते म्हणाले. "हो की नाही, तेवढं सांगा. नाही म्हणालात तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

बायकोने मग तिची अट घातली. "आज दिवसभर आपण पाचही जण ह्यातच राहायचं. जेवण, झोप, सगळं. पाचपर्यंत काही बिघडलं नाही, तर सोमवारी निघू. बिघडलं, तर मी रजा रद्द करते. आप्पांना कुठेतरी आडरानात अडकवून ठेवायचं नाही मला."

"काय बिघडणार आहे?" मी म्हणालो.

सात वाजता आप्पा काठी घेऊन खाली आले. चाचपडत डाव्या चाकाशी गेले, काठीने टक् केले आणि मान तिरकी करून ऐकले. मग उजव्यावर टक्.

"डावं दबून बोलतंय, जावईबापू. हवा बघा."

मी हसलो. "आप्पा, टायर नवे आहेत. चोविसाव्या मुद्द्यात तपासलेत मी."

"मुद्दे मला दिसत नाहीत. आवाज ऐकू येतो."

मी त्यांना हाताला धरून आत नेऊन बसवले. माझ्या लेखी तो विषय संपला. घरातल्या इतरांच्या लेखी तो नुकताच सुरू झाला होता. पण हे मला दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी कळणार होते.

तोवर सारे सुरळीत! एकोणिसाव्या मुद्द्यानुसार मी सर्वांचे फोन घरात ठेवायला लावले होते. चूल पेटली. नळाला पाणी आले. आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, देहाने भक्कम आणि जिभेने त्याहून, खाटेवर आडवी होऊन म्हणाली, "बरंय की रे मेल्या!" तिच्याकडून मला मिळालेली ही दुसरी शाबासकी, पहिली मी चालायला शिकलो तेव्हाची. आप्पांना मात्र चैन नव्हते. ते उठत होते, बसत होते. बाराला ते पुन्हा खाली उतरले. टक्! कपाळाला आठी घालून वर आले. "आता फार ताणून बोलतंय."

"सुंदर!" मी म्हणालो. मला ते शब्द इतके आवडले की मी ते वहीत टिपून ठेवले. अर्थ विचारायचा राहून गेला.

ऊन चढले. पत्रा तापला. बोळातली हवा कोंडलेल्या उसाशासारखी जागच्या जागी थांबली. आणि तीन वीसला, आम्ही टेबलाभोवती बसलेले असताना, खालून असा काही धडाका झाला की समोरच्या गच्चीवरची कबुतरे एका झटक्यात आकाशभर पसरली!

मग तो कल. मग ते अंडे.

"फुटलं," आप्पा म्हणाले. आवाजात दुःख नव्हते. जुना ओळखीचा माणूस भेटावा, तसा तो उजळला होता.

"बाबा," आमची सतरा वर्षांची कन्या म्हणाली, "हा कितवा मुद्दा?"

"पण फुटावं का?" मी कळवळून म्हणालो. "हवा तर मी स्वतः..." आणि जीभ चावली.

"तुम्ही स्वतः काय?" बायको.

"म्हणजे... अकराच्या सुमारास. मोटारीतला छोटा पंप होता ना. आप्पांच्या शब्दाला मान म्हणून. दोनशे आकडे मोजेपर्यंत भरली."

"आणि काटा कुठे होता?"

"काट्याकडे कसं बघणार? मी मोजत होतो!"

बायकोने डोळे मिटून घेतले. "अहो, मी नऊ वाजता पंक्चरवाल्याला बोलावून मापाने भरून घेतली होती! तुम्ही काही करणार नाही, म्हणून!"

"त्यानं काय भरली असेल कपाळ!" आत्या उसळली. "साडेसातलाच मी सायकलच्या पंपाने भरलेली! साठ दट्टे मारले, मोजून! कंबर अजून सरळ होत नाहीये. म्हटलं, हा मेला वही घेऊन बसणार."

"तरीच!" बायको म्हणाली. "तरीच तो म्हणाला, ताई, हवा ठीक आहे, जराशीच टाकतो."

"मीही भरणार होते," कन्या म्हणाली. "पण सायकलचा पंप सापडला नाही."

"माझ्या उशाखाली आहे," आत्या म्हणाली.

एका माणसावरचा इतका अविश्वास, वाचकहो, एका टायरमध्ये मावत नाही!

मी रुबाबात उठलो आणि दार उघडायला गेलो. ते चार बोटे उघडले आणि थांबले. ट्रेलर कलून बोळाच्या भिंतीवर रेलला होता आणि आमचे एकमेव दार त्याच अंगाला होते. मी ढकलले. बायकोने मला ढकलले. भिंत भिंतीसारखी वागली.

"कोणाला तरी हाक मारूया," कन्या म्हणाली.

"खबरदार!" आत्या कडाडली. "अख्ख्या गल्लीला सांगून बसलेय, आम्ही प्रवासाला जातोय म्हणून. आता काय सांगू? पोहोचलो?"

तेव्हा आप्पा उभे राहिले. दोन वर्षांत मी त्यांना असे उभे राहिलेले पाहिले नव्हते. "सगळे उजव्या अंगाला व्हा. वजन तिकडे गेलं की हे अंग उचलेल, दार सुटेल. एकेक जण. हळू."

आम्ही चढणीवर चढावे तसे उजव्या खाटेकडे सरकलो. कन्या. बायको. मी. आप्पा. जमीन, म्हणजे ट्रेलरची फरशी, किंचित कण्हली आणि खरोखर उचलू लागली! दार कुरकुरले. अजून थोडे! उरली आत्या.

"आत्याबाई, हळू बसा!" आप्पा म्हणाले.

आत्या आयुष्यात कधी हळू बसलेली नाही.

दुसरा धडाका पहिल्यापेक्षा मोठा होता! ट्रेलर क्षणभर विचारात पडला. मग, राजीनामा मंजूर झालेल्या माणसाच्या शांतपणाने, तो उजवीकडे खाली बसला. आणि सरळ झाला! अगदी सपाट! टेबलावर पेला ठेवा, पाणी हलणार नाही. भिंतीवरचा भार सुटला आणि दार, कोणी न शिवता, सावकाश उघडले.

घड्याळजी पाचला आले. म्हणजे चार एकोणसाठला नाही आणि पाच एकला नाही. सकाळी सोडलेला ट्रेलर वीतभर बुटका झालेला पाहून त्यांनी वाकून दोन्ही चाके पाहिली.

"दोन्ही?"

"दोन्ही," कन्या म्हणाली.

आप्पा एव्हाना चाकाशी उकिडवे बसले होते. त्यांची बोटे टायरच्या कडेवरून हळूहळू फिरत होती, झोपलेल्या माणसाचा चेहरा चाचपावा तशी. एका जागी ती थांबली. "इथं चार आकडे उठवलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे." त्यांनी ते बोटांनी वाचले, मनाशी वजाबाकी केली. "जावईबापू, हे टायर तुमची लेक शाळेत जायच्या आधीचे आहेत."

"पण नक्षी? नक्षी तर नव्यासारखी आहे!"

"नक्षी धावून झिजते. उभ्या गाडीचा टायर झिजत नाही, वाळतो. ही बघा, कडेला चिरांची जाळी. ट्रेलरचा टायर पळून मरत नाही. बसून मरतो."

त्यांचा हात टायरवरच राहिला. बायकोने मान वळवली.

"मी दर रविवारी त्यांना काळं पॉलिश करायचो हो," घड्याळजी ओशाळून म्हणाले.

"पॉलिश बुटाला करतात," आप्पा म्हणाले.

बायको उठली. "मी ऑफिसात कळवते. रजा रद्द."

"कशापायी?"

"आप्पा, न हलता दोन टायर फुटले! एका दिवसात!"

"न हलता फुटले, हेच बरं झालं. घाटाच्या वळणावर फुटले असते म्हणजे? टायर गेला तर टायर बदलतात, पोरी. रस्ता बदलत नाहीत. बोलाव तुझ्या पंक्चरवाल्याला."

पंक्चरवाला नवे टायर घेऊन आला आणि पुढचा दीड तास आमच्या बोळात आप्पांचे राज्य होते! "नट ओळीनं नाही, समोरासमोरचे आवळ!" "हवा टायर थंड असताना मोजायची, तापलेल्यात नाही!" "आणि इथून पुढं हवा एकच माणूस भरेल. एकच!" ह्या वाक्याला सगळ्यांनी माझ्याकडे का पाहिले, मला ठाऊक नाही. आप्पांच्या गालाला वंगण लागले होते. शेवटी त्यांनी दोन्ही चाकांवर काठी मारली. टक्. टक्. एकच सूर.

बायको पायरीवर बसून बापाकडे पाहत होती. मग खालच्या आवाजात मला म्हणाली, "सांगा त्यांना. हो म्हणावं."

मी घसा साफ केला. ह्या क्षणासाठी मी एक परिच्छेद मनाशी रचून ठेवला होता. "घड्याळजी, दीर्घ विचारांती आमचा होकार..."

पण आप्पा थांबायला तयार कुठे होते! ते ट्रेलरच्या पुढच्या दांडीवरून हात फिरवत टोकापर्यंत गेले आणि तिथून पलीकडे उभ्या असलेल्या माझ्या मोटारीच्या मागच्या अंगाशी. हात डावीकडून उजवीकडे गेला. उजवीकडून डावीकडे आला. खाली वाकून पुन्हा गेला.

"जावईबापू, हुक कुठाय?"

"कसला हुक?"

"हे धूड अडकवायचा."

एकतीस मुद्दे, वाचकहो! एकतीस! त्यांत आकाश होते!

घड्याळजींनी वाकून पाहिले आणि हळहळले. "हुक लावूनही भागायचं नाही हो. ही मोटार ट्रेलरच्या निम्म्यानंही नाही. चढावर ट्रेलरच हिला मागे ओढेल."

आप्पा पायरी चाचपत खाली बसले. वंगणाचे हात त्यांनी मांडीवर उपडे ठेवले. "असू दे," ते म्हणाले. तेवढेच. मुद्रिते तपासण्याच्या माझ्या उभ्या आयुष्यात दोन शब्द इतके जड लागले नव्हते.

मग घड्याळजी पुढे झाले. "माझ्या गाडीला हुक आहे," ते स्वतःशी बोलावे तसे म्हणाले. "खरं सांगू का? बायको गेल्यापासून ट्रेलर दारात उभा आहे. एकट्याला जाववत नाही, म्हणून विकायला काढला. तुम्ही विकत घेऊच नका. सोमवारी चला माझ्याबरोबर. चालवतो मी. आप्पा शेजारी बसतील."

आप्पांची मान तिरकी झाली. "तुमचा तिसरा गिअर कुरकुरतो. सकाळी ऐकला."

"अहो, कुरकुरतो खरा!"

"टाकायची पद्धत चुकते. दाखवीन."

आणि बोळात एकदम कल्ला झाला! कन्येने आजोबांना मिठी मारली, आत्या डबे कोणते घ्यायचे ते जाहीर करू लागली, घड्याळजी निघायची वेळ मिनिटांसकट सांगू लागले. बायको बोटांवर माणसे मोजत होती. "पाच जणांची गाडी आहे ना तुमची? बरोबर. घड्याळजी, आप्पा, आत्या, ही आणि मी."

पंजा संपला.

"मी ट्रेलरमध्ये बसेन," मी उदार मनाने म्हणालो.

"चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवत नाहीत," आप्पा म्हणाले.

"अगं," मी बायकोला विचारले, "मग मी?"

तिने आपल्या उघड्या पंजाकडे एकदा पाहिले, तो मिटला आणि "तुमची मोटार आहे की. या मागून, हुकाशिवाय," म्हणत ती घरात निघून गेली.