एक गाडी शेणखत

"एक गाडी पाठव. त्याहून जास्त नको," विमलाबाईंनी फोनवर बजावलं. गंगापूर रोडवरच्या बंगल्यातली त्यांची बाग रोडावली होती आणि गिरणारे या माहेरगावचा भाचा धनराज आत्याला शेणखत द्यायला एका पायावर तयार होता. विमलाबाई लग्न होऊन गावातून निघाल्या तेव्हा गाडी म्हणजे बैलगाडी. त्यामुळे दोन हजार सहा सालच्या त्या रविवारी सकाळी त्यांनी बैलांसाठी बादलीभर पाणी फाटकापाशी ठेवलं.

आला तो डंपर. विमलाबाई गॅस बंद करून बाहेर येईपर्यंत ड्रायव्हर माल ओतून निघूनही गेला होता. पुढ्यात कमरेएवढा ढीग, तो थेट शेजारच्या गायधनींच्या फाटकापर्यंत.

गायधनी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले आणि जागीच थिजले. "अहो, व्याही स्टेशनवर उतरलेत. माझी गाडी बाहेर कशी काढू?"

विमलाबाईंनी आत जाऊन फोन फिरवला. "धनराज, मी गाडी सांगितली होती रे."

"गाडीच धाडली ना आत्या. कमी पडलं का?"

"आधी हे उचल इथून."

"डंपर तर पुढच्या खेपेला गेला. थांबा, छोटा हत्ती धाडतो. माझा माणूस पुंजा घेऊन येईल."

विमलाबाईंच्या हातून रिसीव्हर निसटला. एका गाडीने ही दशा केली होती, आणि आता हत्ती. पण धनराज शब्दाला पक्का. त्यांनी बाहेर येऊन गायधनींना सांगितलं, "हत्ती येतोय. छोटा आहे म्हणे."

गायधनी रिक्षा शोधायला पळाले. त्यांच्या पत्नी मात्र, दारी हत्ती म्हणजे साक्षात गणपती, म्हणून घरात जाऊन आरतीचं ताट घेऊन आल्या. बातमी घरोघर पोचली तशी कुणी केळी आणली, कुणी गूळ. बघता बघता ढिगाच्या अलीकडे सगळी कॉलनी हात जोडून उभी राहिली.

तासाभराने कोपऱ्यावरून एक चिमुकला चारचाकी टेम्पो खडखडत आला आणि बरोबर त्या ताटापुढे थांबला. पुंजा खाली उतरला.

"हत्ती कुठंय?" विमलाबाईंनी विचारलं.

"ह्योच की. नवीन निघालाय. समदे छोटा हत्तीच म्हणतात त्याला."

ओवाळायला उचललेलं ताट परत कसं न्यायचं, हे गायधनीबाईंना सुचेना. शेवटी त्यांनी पुंजालाच कुंकू लावलं आणि केळ्यांची फणी त्याच्या हाती दिली.

पुंजाने ती मुकाट्याने घेतली. "ताई," तो हळूच म्हणाला, "ह्या ढिगाला धा खेपा तरी लागतील. दर खेपेला एवढं कराया नको."