शिडवाचे दोन टोचे

एका जंगलात, बाळांनो, जिथे झाडांपेक्षा ‘झाडे वाचवा’च्या पाट्या जास्त होत्या, शिडवा नावाचा सुतारपक्षी राहत असे. कुणी वारलं की तो त्याच्या नावाचा लाकडी खांब कोरायचा. डोळे मात्र सगळ्यात शेवटी. घरच्यांनी खांबासमोर उभं राहून गेलेल्याचं नाव घ्यायचं, मग शिडवाने दोन टोचे मारायचे. त्याशिवाय गेलेल्याला घरची वाट दिसत नाही, असं तिथे सगळे मानत.

लाडकी नावाच्या हरणीच्या नवऱ्याच्या खांबाचे तेवढे डोळे राहिले होते. आणि नेमका राजधानीतून मोर आला. तो तिथल्या कलानिवासाचा संचालक होता.

“तीन महिने राहा, खा, कोरा,” मोर म्हणाला.

शिडवा हुरळला. तुम्ही नसता हुरळला?

“वहिनी, खांब नेतो. तिथे निवांत पुरा करतो.”

“लवकर या भाऊजी,” लाडकी म्हणाली. “हे तिकडे चाचपडत असतील.”

कलानिवासात शिडवाला पांढरीशुभ्र खोली मिळाली. तिथे कोरायला मनाई होती. शेजारच्या चित्रकार कासवाची तंद्री मोडायची. शिडवाने फक्त रोज चार वाजता आपल्या मुळांविषयी बोलायचं.

मोराने खांब पाहिला आणि त्याचा पिसारा आपोआप फुलला. “डोळेच नाहीत. काय हे धाडस. आता याला चोच लावायची नाही.”

खांब दालनात उभा राहिला, भोवती दोरी आली. शिडवाला शाल मिळाली. ती इतकी मोठी होती की तो आत सापडेना. तीन महिन्यांचे सहा झाले.

मग एक दिवस लाडकी स्वतःच चालत आली. दोरीपाशी थांबली.

“अजून आंधळेच ठेवलेत?”

शिडवाला लाज वाटली. खरोखरीची, पोटातून.

लाडकीने जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. तिने पदर नसतानाही तो सावरल्यासारखं केलं आणि म्हणाली, “भिवा.”

शिडवा शालीतून निघाला, दोरीवरून उडाला. टक. टक.

मोराचा पिसारा मिटला. “नासवलंस,” तो म्हणाला. संध्याकाळच्या आत खांब आणि शिडवा दोघेही मागच्या दाराने बाहेर होते.

लाडकीने खांब पाठीवर घेतला. शिडवा वाट दाखवायला पुढे उडाला.

“राहू द्या भाऊजी,” ती म्हणाली. “आता ह्यांना दिसतंय.”

तात्पर्य: मुलांनो, हातातलं काम कधी पुरं करू नये. अर्धं ठेवलं तर शाल मिळते. पुरं केलं तर ते पाठीवर घालून घरी न्यावं लागतं.