बापूसाहेबांच्या मोटारीचे नवे शॉकअप

एका जंगलात, बाळांनो, मोटार एकच होती. ती बापूसाहेब अस्वलांना आजोबांकडून मिळालेली. काळी, लांबलचक. मागच्या चाकांवर गाडीचं वजन पेलायला एकावर एक रचलेले लोखंडी पाटे, एकेका बाजूला मोजून सात. रस्त्यात खडा आला तरी मागच्या सीटवर बसणाऱ्याला तो टाळूपर्यंत कळायचा.

बापूसाहेबांचा जीव मधात. सगळा चांगला मध एका कड्यावर, आणि कडा सिंहमहाराजांचा. त्या वर्षी ऐन मिरवणुकीच्या तोंडावर महाराजांची पाठ धरली. तरसाने दवंडी पिटली, "मिरवणुकीत महाराजांना सुखात फिरवून आणील, त्याला कडा वर्षभर मोकळा. दणका बसला, तर त्याला महाराज..." पुढचं तरसाला हसू आवरेना म्हणून राहून गेलं.

हत्तीने लगेच अंबारीत गाद्या वाढवल्या. बापूसाहेब खवल्या मांजराकडे धावले. गाडीखाली शिरावं तर त्यानेच.

"मिस्त्री, पाटे काढा. स्प्रिंग चढवलेले शॉकअप बसवा. लाल रंगाचे."

खवल्या गाडीखाली गेला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला.

"बसवतो. पण आधी डिकीखाली जाड आडवी तुळई टाकू. दोन दिवस लागतील."

"तुळई कशाला? जुने शॉकअप होते ती भोकं आहेत की!"

"बापूसाहेब, जुने शॉकअप नुसती गाडीची उसळी आवरायचे. वजन पाटे पेलायचे. आता सगळं वजन त्या भोकांवर येणार, आणि तिथे नुसता पत्रा आहे."

"मिरवणुकीत डिकीखाली वाकून कोण बघतंय?"

"पत्रा बघेल."

"मिस्त्री, तुम्ही फार बोलता बुवा. मिरवणूक उद्या आहे. बसवा!"

खवल्याने बसवले. प्रत्येक नट दोनदा आवळला. पत्र्याला मात्र आवळण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी महाराज मागे बसले. गाडी लोण्यावरून चालल्यासारखी निघाली. खड्डे आले, गेले. महाराजांना डुलकी लागली. बापूसाहेबांना मधाचा वास येऊ लागला.

मग ओढा आला. गाडी उतरली, चढली आणि खाड्कन आवाज झाला. दोन्ही लाल शॉकअप पत्रा फाडून डिकीत आले. गाडीचं बूड चाकांवर बसलं, नाक आभाळाकडे गेलं. महाराज सीटवर उताणे.

बापूसाहेबांनी डोळे मिटले.

"अहाहा," आतून आवाज आला. "पाठ सुटली रे! गेले चार महिने असं टेकायला मिळालं नव्हतं. हे कोणी सुचवलं?"

बापूसाहेबांनी एक डोळा उघडला. "मीच, महाराज. बरेच दिवस डोक्यात होतं."

कडा बापूसाहेबांना मिळाला. संध्याकाळी खवल्या खांद्यावर तुळई घेऊन गाडी दुरुस्त करायला आला, तेव्हा पहारेकऱ्यांनी त्याला महाराजांचं सुख मोडणारा राजद्रोही म्हणून हाकललं. हत्तीला हुकूम सुटला की, यापुढे अंबारी नेताना मागचे पाय दुमडून चालावं. बिचारा अजून तसाच चालतो.

तात्पर्य: बाळांनो, काम पक्कंच करावं असं काही नाही. मोडताना आत महाराज बसलेले असावेत, एवढं मात्र पाहावं.