अंगठ्याची निकाली कुस्ती

माणसाने नेमक्या कोणत्या अवयवाने लढावं, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. आमच्या तालमीने हा प्रश्न गेल्या श्रावणात हात वर करून मिटवला. तो अवयव म्हणजे अंगठा. ठराव दोनशे तेरा विरुद्ध एक असा मंजूर झाला. मंडळाचा सचिव मीच असल्याने हात मी मोजले, आणि मोजणी बरोबर आहे.

कोल्हापूरकरांना तालीम समजावून सांगायची गरज नाही, पण परगावच्या वाचकांसाठी सांगतो. एक इमारत, तिच्यात लाल मातीचा हौद, हौदात पैलवान आणि कट्ट्यावर बसून पैलवानाला डाव सांगणारे सभासद. आमच्याकडे यातलं सगळं शाबूत आहे. हौदात उतरणारे सभासद : एक. डाव सांगणारे : दोनशे तेरा. (हे प्रमाण मंडळ समाधानकारक मानतं.)

तो एक म्हणजे आदर्श. वय बावीस, वजन शहाऐंशी. रोज पहाटे हौद उकरतो, मातीला ताक, हळद, तेल पाजतो आणि एकाहत्तर वर्षांच्या केरबा वस्तादांना धरून लढतो. वस्तादांचे गुडघे गेलेत, पण त्यांना ते कुणी अधिकृतपणे कळवलेलं नाही.

अशात अध्यक्ष हंबीरराव यांचा पुतण्या यशराज याने पुण्याहून हातात मावणारी दोन खेळयंत्रं आणली. त्यांत एका गाजलेल्या जपानी कार्टून मालिकेतले लढवय्ये होते. त्यांचे केस उभे, ते हवेत उडतात, आणि फटका मारण्याआधी डावाचं नाव पूर्ण ओरडून सांगतात. आमच्याकडेही ओरडतात, पण नंतर कुणी मारत नाही. आठवड्याभरात एकसष्ट सभासद खेळू लागले आणि उरलेले त्यांच्या खांद्यावरून वाकून डाव सांगू लागले. परंपरा ही अशी टिकते.

मंडळाने काहीही अर्धवट केलं नाही. अंगठ्यांना मोहरीचं तेल सुरू केलं. खुराक म्हणून माणशी दोन पेले थंडाई आणि मूठभर बदाम. जोडी वजनावर लावायची असं ठरल्याने चौऱ्याण्णव किलोंचा यशराज कसलीही मेहनत न करता थेट वजनदार गटात गेला. लंगोटाच्या प्रश्नावर तीन बैठका झाल्या. अखेर ट्रॅकपँटवरून लंगोट, अशी तडजोड निघाली. (फोटो आहेत. मागू नयेत.)

मग जागा अपुरी पडू लागली. सबब हौद बुजवून, त्यावर फरशी घालून वातानुकूलित खेळदालन करावं, असा ठराव आला. आदर्श तेव्हा पहिल्यांदा सभेत बोलला.

"माती मोडू नका, आबा."

"मातीत उतरतंय कोण?" हंबीरराव म्हणाले. "तू एकटा."

"एकट्याला बी अंग टाकाय जागा लागत्या की."

सभागृह गहिवरलं, आणि गहिवरल्या अवस्थेतच विरोधात गेलं. मात्र आमच्या तालमीत वाद मैदानात सोडवायची रीत आहे. आदर्श आणि यशराज यांची कुस्ती लावावी, आदर्श जिंकला तर हौद राहील, असं ठरलं. यशराजच्या कंबरेत चमक असल्याने कुस्ती अंगठ्याने होणार होती. आदर्शने आयुष्यात ते यंत्र हातात धरलं नव्हतं. त्याला आठ दिवस दिले.

पंच म्हणून केरबा वस्ताद. त्यांना यंत्रातलं ओ की ठो कळत नसल्याने त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका नव्हती. त्यांनी आधीच सांगून ठेवलं, "पाठ भुईला लागल्याबिगर मी कुस्ती झाली म्हननार न्हाय." यात हरकत घेण्यासारखं कुणालाच काही दिसलं नाही.

गणपतीतली एलईडी भिंत मैदानात उभी केली. हलगी कडाडली. दोन हजार लोक जमले. पहिल्याच मिनिटाला यशराजच्या गड्याने तळहातातून उजेड सोडून आदर्शच्या गड्याला लोळवलं. पडद्यावर यशराजचं नाव झळकलं.

"पालथा पडलाय," वस्ताद म्हणाले. "पुन्हा धरा."

हे असं अकरा वेळा झालं. जपानी लोकांनी हरणारा गडी तोंडावरच पडावा अशी सोय केली होती. कोल्हापूरचा पंच त्यांनी हिशेबात धरलाच नव्हता. यशराज घामाने निथळला. आदर्शच्या कपाळावर थेंब नव्हता. बाराव्या खेपेला त्याचा जाडजूड अंगठा एकदम तीन बटणांवर बसला. त्याच्या गड्याने यशराजच्या गड्याला कंबरेतून उचललं, आभाळात नेलं आणि उताणा आपटला.

वस्ताद पडद्याजवळ गेले, नीट वाकून पाहिलं आणि हात वर केला. "चितपट."

लोक रडले. मीही रडलो. आदर्शला खांद्यावर घेतलं, फेटा बांधला, आणि उद्यापासून आपण सगळे मातीत, अशी शपथ झाली. तिथल्या तिथे वही काढली. तीनशे चाळीस सह्या झाल्या. पहिली सही माझी. (मला पहाटे पित्त होतं.)

हौद राहिला. मंडळाने त्याला 'वारसा' जाहीर केलं, भोवती पितळी कठडा केला आणि फोटोसाठी दिवे लावले. वस्तादांच्या गुडघ्यांना आता डॉक्टरांनीच लेखी कळवलं आहे. ते बाकावर बसतात. सुरक्षेच्या कारणास्तव फलक लावला आहे : 'एकट्याने उतरू नये. जोडी असल्यास परवानगी.'

आदर्श अजून पहाटे पाचला येतो. बाहेरून हात घालून पोहोचेल तेवढी माती उकरतो, लंगोट लावून कठड्यापाशी उभा राहतो आणि साडेसहाला कपडे घालून जातो. या गोष्टीला सात महिने झाले.

आता तुम्हाला वाईट वाटलं असेल. ते आम्ही गृहीत धरलं आहे. त्या तीनशे चाळीस जणांनाही फार वाटलं होतं. कठड्याच्या दाराला कुलूप नाही, कधी गरज पडली नाही. वस्ताद मला रोज एकच गोष्ट विचारतात. मी पित्ताचं कारण पुढे करतो, आणि तीच तुम्हाला विचारतो.

पावणं, तुमचं वजन किती?