सुदर्शनचा वाढीव डोस

तिसऱ्या मुलीनंही नकार दिला, तेव्हा पिंपळवंडीत कुणाला आश्चर्य वाटलं नाही. सुदर्शनचा टोमॅटोचा प्लॉट नजर लागेल असा, स्वभाव गरीब. पण अंगावर मांस म्हणून नाही. अशा मुलानं करायचं तरी काय? आता लोणीची हर्षाली फोटो पाहून घर बघायला यायला तयार झाली होती. ही गेली तर आपण असेच राहणार, हे सुदर्शनच्या मनानं घेतलं होतं.

त्यानं व्यायामशाळा गाठली. तिथल्या मास्तरानं अमिनो ॲसिडच्या पावडरीचा डबा दिला.

"ह्यात ल्यूसिन आहे. स्नायू भरायला तेच लागतं. पण रोज एकच चमचा, जोडीला व्यायाम. दोन महिन्यांनी फरक दिसेल."

दोन महिने? पाहुणे रविवारी येणार होते! शिवाय अमिनो त्याला नवीन नव्हतं. टोमॅटोवर तो तेच फवारायचा आणि चार दिवसांत प्लॉट टवटवीत व्हायचा. प्लॉट मागं पडला की डोस वाढवायचा, ही तर साऱ्या शिवाराची रीत. सुदर्शननं ती स्वतःला लावली. तांब्याभर दूध, त्यात मूठभर पावडर, दिवसातून तीन वेळा.

"आरं, तू काय टोमॅटो हायेस का?" त्याची आई लंकाबाई कळवळली.

"आये, अमिनो ते अमिनोच. तुला न्हाई कळायचं."

शनिवारी पोट टम्म फुगलं. रविवारी पँटचं बटण लागेना. पाहुण्यांसमोर तो श्वास रोखून बसला, तरी पोटातून गुरगुर ऐकू येतच होती. हर्षाली एकदाच बघून खाली मान घालून बसली.

संध्याकाळी मध्यस्थ गेणभाऊंचा फोन आला. "पोरगी न्हाई म्हणती."

"आता कुठं बारीक हाय मी?"

"तेच तर राव! तिच्या घरात समद्यांना शुगर. फोटोत तू सडपातळ दिसला, म्हणून तर ती तयार झाली व्हती. आता म्हणती, आत्ताच एवढं पोट, तर लग्नानंतर काय?"

सुदर्शननं कपाळ बडवून घेतलं. डबा बंद झाला आणि मंगळवारपर्यंत पोट पाठीला लागलं. त्यानं लगेच नवा फोटो गेणभाऊंना पाठवला, मग संध्याकाळी फोन केला.

"भाऊ, पोट उतरलं! सांगा की त्यांना."

"दावला फोटो," गेणभाऊ सुस्कारा टाकत म्हणाले. "ते म्हणत्यात, दोन दिवसांत एवढा वाळला? पोराला नक्कीच काहीतरी मोठं दुखणं हाय."