मारोतीमामांची कोरडी खोली

आमच्या घरी कुणी आलं की आधी चहाला नको म्हणतं. मारोतीमामा आधी भिंतीला गाल लावतात.

चप्पल दाराबाहेर, टोपी हातात, आणि गाल थेट आमच्या बैठकीतल्या भिंतीला. डोळे मिटून मिनिटभर तसेच उभे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांना चक्कर आली. पाण्याचा तांब्या घेऊन धावले. मामांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, "पाणी नगं, बाई. भिंतीत लई हाय."

"अहो, मग हात लावून बघा की!"

"हाताला कळत न्हाई. जन्मभर नळाच्या चाव्या फिरवून हात मेलेत माजे. गाल खोटं बोलत न्हाई."

मी शाळेत शिकवते, म्हणून अहमदपुरातली आमची सगळी गल्ली मला बाईच म्हणते. मामा शेजारचे. नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर होते. कोणत्या गल्लीला कधी पाणी येणार हे त्यांच्या हातात. दुष्काळात तर लोक नवरदेवासारखी त्यांची वाट बघायचे. जन्मभर घराघरात पाणी पोचवलं आणि निवृत्त झाल्यावर हा माणूस घराघरातून पाणी हुसकावायच्या मागं लागला! दोन वर्षांखाली गयामामी गेल्या, तेव्हापासून एकटेच. म्हटलं, रिकामपणाचं खूळ आहे, चालायचंच.

पण ह्या हिवाळ्यात त्यांच्या अंगातच आलं. पौषात थंडी पडायची, तर आभाळच फाटलं. दहा दिवस उन्हाचं नाव नाही. शेतात हरभरा पिवळा पडला, घरात पापडांना बुरशी लागली, आणि आमच्या ह्यांचे बनियन तीन दिवस दोरीवर लटकून कुबट वास मारायला लागले.

मामांच्या उंबऱ्याशी तीन गोणपाटं अंथरलेली. आमच्याकडची काळी माती म्हणजे माणूस चप्पल घालून बाहेर पडतो आणि बूट घालून घरी येतो. "पहिलं चिखलाला, दुसरं पाण्याला," मामा समजावून सांगायचे.

"आणि तिसरं?"

"तुमच्यासाठी, बाई. तुमी पहिल्या दोन्हींवरून उडी मारता."

घरात फरशी पुसायला बंदी. "पुसलं म्हंजे पाण्याला आपणच आवतन दिलं की!" लाकडाच्या अड्ड्यावरनं ते भुस्सा आणायचे, फरशीवर पसरायचे आणि झाडून काढायचे. प्रत्येक खोलीत एका वाटीत खडे मीठ. सकाळी उठलं की आधी मिठाची तपासणी. मग दारात उभे राहून गल्लीला वर्दी द्यायची, "आज मधल्या खोलीतलं मीठ रडलं न्हाई!"

एवढ्यावर भागलं असतं तर मी कशाला बोलले असते? एक दिवस मी शाळेत असताना हे गृहस्थ भुश्श्याचं पोतं घेऊन आमच्याकडं आले. आमचे हे म्हणजे भोळा सांब. दार उघडून दिलं, वर मदतही केली. संध्याकाळी चहात भुस्सा, मेथीच्या भाजीत भुस्सा, अंथरुणात भुस्सा. मग मात्र मी मामांना तोंडाला येईल ते बोलले. मामा शांत. "बोला, बाई. तुमी बोलला की गरम हवा सुटती. भिंतीला चांगलं असतंय."

असा माणूस! ह्याच्याशी भांडायचं तरी कसं?

शनिवारी सकाळची शाळा करून घरी आले तर स्वयंपाकघरात हा धूर. खिडकी मामांच्या बाजूची. खोकत खोकत, पदर नाकाला लावून मी तरातरा शेजारी गेले. गोणपाटांवरून उडी मारली. "मामा! पौषातच होळी पेटवली का?"

बैठकीत कुणी नव्हतं. धूर आतल्या खोलीतून येत होता. मी आत गेले.

खोलीला ताजा चुना दिलेला. मधोमध बाज, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा आणि लसणाच्या सालींची धुरी. आणि ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरीवर मऊ सुती कापडाचे चौकोनी तुकडे वाळत घातलेले. त्यातला हिरवा काठ मी ओळखला. गयामामींचं पातळ होतं ते. मामा एकेक तुकडा दोरीवरून काढून, गालाला लावून बघत होते.

"मामा, हे काय करून राहिलात?"

"सुनंदाची बाळोती." मामांनी वर पाहिलं नाही. "ती येणार हाय. म्हंजे... यायला पायजे."

सुनंदा त्यांची एकुलती एक. नांदेडला दिलेली. आठवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत.

"विहीणबाईचा फोन आल्ता," मामा म्हणाले. "घरात बाईमाणूस न्हाई, त्यात घर ओलं. पोरगी गारठली म्हंजे? नांदेडातच करू म्हणल्या. म्या म्हन्लो, एकदा येऊन बघा, मग ठरवा. उद्या येणार हायत." हातातल्या फडक्याची त्यांनी नीट चौघडी घातली. "बाईमाणूस म्या कुठून आणू, बाई? ओल तेवढी घालवता येतीय. ती घालवून राहिलो."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. धुराचं निमित्त होतं म्हणून बरं. भांडायला आलेली मी, खाली बसले आणि संध्याकाळपर्यंत बाळोती दुमडत राहिले.

रविवारी पाऊस होताच. नांदेडहून जीप आली. जावई, सुनंदा आणि विहीणबाई. मी आणि आमचे हे आधीपासूनच तिथं. विहीणबाई आमच्या हेडमास्तरांच्या वरताण. त्यांनी भिंत दाबून पाहिली, बाजेखाली वाकून पाहिलं, बाळोत्यांचा वास घेतला. सुनंदा मुकाट्यानं बाजेवर टेकली. मामा खोलीच्या दाराबाहेर, परीक्षेला बसल्यासारखे.

"खोली चांगली हाय," विहीणबाई म्हणाल्या. "पण लेकराला न्हाऊ कोण घालणार? मारोतीराव?"

मामांनी मान खाली घातली.

"मी घालीन!" हे मी म्हटलं. आमच्या ह्यांनी दचकून माझ्याकडं पाहिलं. आमची दोन्ही लेकरं माझ्या आईनं न्हाऊ घातली होती, मी फक्त टॉवेल धरून उभी असायची, हे त्यांना पक्कं ठाऊक. पण माणूस कधी नव्हे तो शहाण्यासारखा गप्प बसला.

विहीणबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग शेगडीकडं बघत विचारलं, "अन् ही धुरी, शेक, हे मारोतीरावांना कुणी शिकवलं?"

"सुनंदाच्या वेळंला गया ह्याच खोलीत होती," मामा बाहेरूनच म्हणाले. "तिला माहेर न्हवतं. माज्या आईनं समदं केलं. पुरुषमाणसाला आत येऊ देत न्हवते. बारा दिवस म्या हितंच, दाराला टेकून बसलो. आई काय मागती, शेगडीत काय टाकती, समदं ऐकलं. तेवढं ध्यानात हाय."

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"गाडीतली हिची पिशवी आण," विहीणबाई लेकाला म्हणाल्या. मग दाराकडं वळल्या. "मारोतीराव, बाहेर काय उभे? आत या की."

मामा आत आले. आपल्याच घरात कुठं बसावं त्यांना कळेना. शेवटी बाजेशी जमिनीवर बसले, पोरीच्या पावलांना हात लावून पाहिला आणि शेगडी जरा तिच्याकडं सरकवली.

"गार लागतंय का गं?"

"न्हाई, आप्पा."

"खरं सांग. तुजी आई बी आतून न्हाईच म्हणायची."