अप्पांचा खोकला

दिवाळीची सुट्टी संपायच्या आत शिवप्रियाला औषधाचा दुष्परिणाम झालेला एक खरा माणूस हवा होता. फार्मसीच्या वर्गात सरांनी विचारलं होतं, "दुष्परिणाम कळवायचा फॉर्म कुणी भरलाय?" साठांतला एकही हात वर गेला नाही. मग सरांनी प्रत्येकाला एकेक फॉर्म दिला. भरून आणला नाही, तर प्रात्यक्षिकात शून्य.

पहिल्याच दिवशी ती आपल्या गावात, तामलवाडीत, फिरली. सारजाबाई म्हणाली, "व्हतंय की! साखरेची गोळी घेतली की सून उलटं बोलती."

"गोळी सून घेती?"

"म्या घेते. तिला कशाला लागंल?"

बलभीमनं फॉर्म बघताच हात झटकले. "मला काय बी झालं न्हाय. डॉक्टरचं नाव खराब करू नगं."

संध्याकाळी शिवप्रिया ओसरीवर मोबाइल बघत बसली. गल्लीच्या तोंडाशी खोकला ऐकू आला. तिनं मोबाइल उशीखाली सारला आणि पुस्तक उघडलं. आत आईनं, लक्ष्मम्मांनी, मिश्रीची डबी पिठात पुरून चूळ भरली. वडील, शिवप्पा, दुकान बंद करून घरी येत होते.

त्या कोरड्या खोकल्यापायी अडुळसा झाला, ज्येष्ठमध झालं. दुकानातली मिरचीची पोती शेजाऱ्याच्या गोदामात गेली. घरात ठेचा बंद झाला. खोकला मात्र राहिला.

"अप्पा, खोकला कधीपास्नं हाय?"

"उन्हाळ्यापास्नं."

"आन बीपीची गोळी?"

"ती बी."

शिवप्रियानं गोळ्यांची पट्टी उलटून नाव वाचलं. हेच नाव, पुढं 'कोरडा खोकला', असं तिनं परीक्षेसाठी पाठ केलं होतं. चार गुणांना.

"डॉक्टरला का न्हाय सांगितलं?"

"कसं सांगू? गोळी लागू पडली म्हणून बिचारा खूश व्हता."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळी बदलली. शिवप्रियानं फॉर्म भरला. 'औषध बंद केल्यावर काय झालं?' एवढा एकच रकाना राहिला.

गोळी बदलल्याच्या अठराव्या दिवशी संध्याकाळी शिवप्रियानं मोबाइलवरून मान वर केली, तर शिवप्पा उंबऱ्यात उभे. आत लक्ष्मम्मांचं बोट तोंडात.

"श्रावणात सोडली म्हनलीस की गं मिश्री?"

लक्ष्मम्मांना बोलता येईना. तोंड भरलेलं होतं.

"आन ह्यो तुमचा अभ्यास!"

ते पाय धुवायला गेल्यावर लक्ष्मम्मा हळूच म्हणाल्या, "पोरी, ती पहिली गोळी लईच वाईट व्हती का गं?"

शिवप्रियानं रकान्यात लिहिलं, 'खोकला पूर्ण थांबला.'

दुसऱ्या संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी खोकला ऐकू आला. शिवप्रिया दचकून उठली. डबी पिठात गेली. शिवप्पा दारात आले. ठणठणीत.

"अप्पा, परत सुरू झाला?"

"न्हाय गं. म्याच खोकलो." त्यांनी चपला काढल्या. "न सांगता घरात आलं की बीपी वाढतंय."

तिनं रकान्यात लिहिलेलं तसंच ठेवलं.